लेझीम : पाऊल आणि धीर



आषाढ सरत आला कीं सोलापुरांतील मैदानांवर सायंकाळीं हलगी कडाडूं लागते. नारळी पौर्णिमेचा मार्कंडेयांचा रथोत्सव आणि पाठोपाठ येणारी गणरायाची मिरवणूक यांसाठीं लेझीमपथकें सराव करूं लागतात. या पथकांत नव्यानें उभ्या राहणाऱ्या मुलामुलींस दोन अडचणी जाणवतात. एक पावलाची, दुसरी धिटाईची. माझें म्हणणें असें कीं, या दोहोंचें मूळ एकच आहे.

प्रथम तंत्राचा विचार करूं. लेझीम हा शब्द फारसीतून आला. प्रत्यंचेच्या जागीं साखळी लावलेलें व्यायामाचें धनुष्य, हा त्याचा मूळ अर्थ. आजच्या लेझमीलाहि वजन असतेंच. नवशिका तें सारें मनगटावर पेलतो. त्यामुळें खांदे आखडतात, श्वास अडतो आणि पाऊल मागें राहतें. म्हणून पहिले कांहीं दिवस लेझीम हातीं धरूंच नये. कमरेवर हात ठेवून, मोठ्यानें आंकडे मोजीत केवळ पावलें घटवावीं. मग ‘चार आवाज’ हा पाठ घ्यावा, तोहि संथ लयींत. गुडघे सैल असावे.

आयर्लंडच्या नृत्यांत हात बाजूस निश्चल ठेवून पावलें वेगानें टाकतात. तेथें पायांची चूक लपत नाहीं. लेझमीचा नाद ती झांकील, असें नवशिक्यास वाटतें. परंतु पाऊल उशिरां पडलें कीं आवाजहि उशिरांच निघतो.

१९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें भारतीय व्यायामप्रकारांचीं प्रात्यक्षिकें केलीं. परक्या प्रेक्षकांपुढील असा धीर रोजच्या सरावांतूनच येतो.

आतां धीराविषयीं. लाजरें मूल शेजाऱ्याच्या पायांकडे पाहून खेळतें. डोळ्यांनीं उचललेलें पाऊल किंचित् मागेंच पडतें. चूक होते, आणि चुकीबरोबर भीति वाढते. म्हणून डोळे समोर व कान हलगीकडे ठेवावयास शिकवावें. याहून महत्त्वाचें म्हणजे, चुकल्यावर काय करावें हें आधींच शिकवावें. लेझीम थांबवावी, जागेवरच पावलांनीं ताल धरावा आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर पुन्हां मिळावें. शिक्षकानें सरावांत मुद्दाम एकेकास थांबवून हें मिळणें घटवून घ्यावें. कधींच न चुकण्याची हमी कोणी देऊं शकत नाहीं. परंतु परतण्याची वाट ज्यास ठाऊक आहे, त्यास गर्दीचें भय उरत नाहीं.

शेवटीं पालकांना एक विनंती. आज मुलीहि मिरवणुकींत मानानें लेझीम खेळतात. आपल्या मुलीचें पाऊल अंगणांत अडखळलें तर हंसूं नका. ‘तुला जमायचें नाहीं’ असें तर कधींच म्हणूं नका. तें वाक्य तिला हलगीच्या कडकडाटांतहि ऐकूं येतें. त्यापेक्षां पाटावर बोटांनीं ताल धरा आणि तिला पुन्हां पहिल्या मात्रेची वाट पाहूं द्या.