समुद्रशेवाळ आणि पोटातले जंत

मी काही वैद्य नव्हे. उपनगरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. पण मागे एकदा विद्यार्थ्यांना घेऊन मढच्या किनाऱ्यावर गेलो, त्यानंतर जे घडले ते सांगण्याजोगे आहे.

ओहोटी होती. खडकांवर हिरवे, तांबूस शेवाळ पसरलेले. बोलण्याच्या भरात मी सांगून गेलो, की जपानात शेवाळाच्या काढ्याने मुलांचे जंत पाडीत. गोष्ट खरी आहे. डायजेनिया सिम्प्लेक्स हे त्या तांबड्या शेवाळाचे शास्त्रीय नाव. आपल्याकडे वावडिंग नि किरमाणी ओवा, तसे तिकडे हे. दुसऱ्या महायुद्धानंतर तर शाळांतूनही तो काढा पाजीत. १९५३ साली ताकेमोतो आदी संशोधकांनी त्यातले काइनिक आम्ल वेगळे काढले. त्याने जंत लुळा पडतो नि शौचावाटे बाहेर जातो. पण हेच आम्ल प्रयोगात उंदराच्या मेंदूत टोचले, तर तिथल्या मज्जापेशी मरतात!

हे शेवटचे मी खडकावर सांगितले नव्हते. सोमवारी कोळीवाड्यातला एक मुलगा विचारतो, "सर, पोतंभर शेवाळ वाळवलंय. आई धाकटीला काढा देणार आहे. किती द्यायचा?"

माझ्या पोटात गोळाच आला. मास्तराचे अर्धे वाक्य घरी कुठवर जाते पाहा!

त्याला म्हटले, अरे, शेवाळाच्या जाती हजारो. हे ते नव्हे. शिवाय आपल्या खाड्यांत शहराचे सांडपाणी येते आणि शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी बोट्रिओक्लॅडिया नावाच्या तांबड्या शेवाळाचा अर्क हत्तीरोगाच्या कृमींवर वापरून पाहिला, २००४ साली निष्कर्षही छापले. प्राण्यांच्या अंगातल्या कृमींवर गुण दिसला. परंतु अर्कातले नेमके कोणते द्रव्य काम करते, माणसाला किती मात्रा सोसेल, हे ठरल्यावाचून त्याचे औषध होत नाही. हत्तीरोगावर सरकारी मोहिमेत आजही डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या देतात.

जंतांवरही अल्बेंडाझोल आहेच. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून ती फुकट मिळते. धाकटीला आरोग्य केंद्रात नेले, तिथे तीच गोळी चावून खायला दिली.

पोत्यातले शेवाळ मुलाच्या आईने गोड्या पाण्यात धुऊन माडाच्या आळ्यात घातले.