आबांची फियाट आणि ब्रेकची नळी

बचत गटाची ताई आज गाडीबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. पण ज्यांच्या अंगणात, गोठ्याशेजारी एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी जरा कान द्या.

आमच्या सोमाटण्याच्या घरी सासऱ्यांची, म्हणजे आबांची, 1982 ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. 1974 पासून तिचं नाव पद्मिनी, पण आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणतात. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, ती बातमी टीव्हीवर बघून आबा म्हणाले, "आता आपली तरी उभी करा." नऊ वर्षं ती बंद होती.

सगळ्यांनी आधी रंगाचं आणि सीटचं बोलणं काढलं. इंजिन लागलं, तशी घरात दिवाळी. पोरांना घेऊन कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी मिस्टरांनी गाडी अंगणात मागेपुढे केली आणि ब्रेकचं पेडल सरळ खाली गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी तुळशीपाशी थांबली. मागच्या चाकापाशी जमीन ओली होती. गाडीखालची लोखंडी नळी गंजून फुटली होती. हेच कार्ल्याच्या उतारावर झालं असतं तर, हा विचार माझ्या मनातून रात्रभर गेला नाही.

त्या गाडीत चारही चाकांच्या ब्रेकची लाइन एकच. एका ठिकाणी नळी फुटली की तेल बाहेर जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. नळी बाहेरून पावसाने गंजते हे कळतं, पण ती आतूनही गंजते. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं, आपलं मीठ पावसाळ्यात पाणावतं ना, तसं. नवं डॉट 3 तेल 205 अंशांच्या आत उकळत नाही. पाणी मुरलं की तो आकडा 140 पर्यंत उतरतो. बोरघाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की ड्रम तापतात, तेलात वाफ धरते आणि पेडल स्पंजासारखं होतं. म्हणून तेल दर दोन वर्षांनी बदलायचं.

रबरी नळ्या तीन, पुढे दोन आणि मागे एक. त्यांची गंमत अशी की बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. ब्रेक लागतो पण सुटत नाही. एखादं चाक चालून आल्यावर जास्त गरम लागलं, तर तिथे संशय घ्यायचा.

एका मेकॅनिकने सुचवलं, "फुटलं तेवढं कापून तांब्याचा तुकडा जोडू." मी नाही म्हटलं. साधं तांबं हादऱ्यांनी तडकतं, आणि अर्धी नळी जुनी ठेवली तर उद्या ती फुटणार. आम्ही सगळ्या लोखंडी नळ्या नव्या केल्या, टोकं दुहेरी दुमडून घेतली, तिन्ही रबरी नळ्या बदलल्या. गटातून अंतर्गत कर्ज काढलं तेव्हा बायका हसल्या, "ताई, नळीला कर्ज?" रंगाच्या खर्चापुढे ते काहीच नव्हतं, खरं सांगते.

मग पेट्रोलची लाइन. टाकी मागे, इंजिन पुढे, म्हणजे नळी अख्ख्या गाडीखालून जाते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं, तडकतं. दुकानात "इथेनॉल चालणारा पाइप द्या" असं सांगूनच घ्यायचा, पाण्याचा पारदर्शक पाइप अजिबात लावायचा नाही. आमच्या अंगणात सकाळी पाण्याचा बंब पेटतो. काम चाललं ते दोन दिवस मी बंब पेटवू दिला नाही. आबा थंड पाण्याने अंघोळ करून कुरकुरले, पण केली.

शेवटी नळ्यांतली हवा काढायची. ते काम दोघांचं. मिस्टर गाडीखाली, मी पेडलवर. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं, म्हणजे मागचं डावं चाक आधी. ते म्हणायचे "दाब", मी दाबून धरायची. ते खालची निपल सोडायचे, बुडबुडे आणि तेल यायचं, निपल बंद झाली की मगच मी पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. निघालेलं तेल परत वापरायचं नाही, आणि इंजिन ऑइल तर तिथे चुकूनही नाही, रबराच्या वायसर फुगतात. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

पंधरा वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन आरटीओत नव्याने करून घ्यावं लागतं, तेही झालं. मागच्या रविवारी एकवीरेला जाऊन आलो. उतरताना मिस्टरांनी दुसरा गिअर सोडला नाही. घरी आल्यावर मी बॅटरी घेऊन गाडीखाली वाकले. चारही चाकं कोरडी होती. रंग अजून जुनाच आहे.