लाकडी कुंपण आणि रंगाचा फवारा



कुंपणाला रंग लावायचा म्हटलं, की खेड्यात पहिला प्रश्न येतो तो असा: "अहो, गुरं अडवायला रंग कशाला?" प्रश्न काही खोटा नाही. बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असो की कोकणातली वई असो, ती दरसाल नव्यानं घालायची. तिला रंग लागत नव्हता. पण शाळेच्या बागेला किंवा अंगणाला फळ्यांचं कुंपण केलं, म्हणजे गोष्ट बदलते. फळ्या विकतच्या असतात, आणि विकतची वस्तू राखावी लागते.

लाकडाचे शत्रू मुख्यतः तीन: ऊन, पाणी आणि वाळवी. उन्हानं लाकडाचे तंतू धरून ठेवणारं द्रव्य झिजतं, म्हणून नवी फळी हळूहळू करडी पडते. पावसात ती फुगते, उन्हात आक्रसते, आणि तिला चिरा पडतात. चिरेत पाणी साचलं, की बुरशी आलीच. नेहमीचा तैलरंग फळीवर साय धरतो. ती साय फुटली, की पोपडे निघतात. लाकडात मुरणारा जो रंग मिळतो, त्याचे पोपडे सहसा निघत नाहीत. तो हळूहळू फिका होतो. काही वर्षांनी कुंपण धुऊन, वाळवून पुन्हा एक हात दिला, की काम भागतं.

हा मुरता रंग पातळ असतो, म्हणून तो यंत्रानं फवारता येतो. दिवसाचं काम तासा-दोन तासांत उरकतं, हे खरं. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फवाऱ्यानं रंग फळीवर पडतो. फळीत तो जातो ब्रशनं. म्हणून एकानं फवारावं आणि दुसऱ्यानं मागोमाग, रंग ओला आहे तोवर, ब्रश फिरवून तो चिरांत नि सांध्यांत दाबावा.

त्याआधी फळी धुऊन चांगली वाळू द्यावी. तिच्यावर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. थेंब तसेच मोत्यासारखे राहिले, तर रंगही मुरणार नाही. शोषले गेले, तर कामाला लागा. आपल्याकडे दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम. मात्र भर उन्हात रंग मुरण्याआधीच वाळतो, म्हणून सकाळची वेळ धरावी. नोझल फळीपासून साधारण 25 ते 30 सेंटीमीटर दूर ठेवावं, हात फळीला समांतर चालवावा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. शिक्षक बंधुभगिनींनी त्या मुद्दाम ऐकाव्यात, कारण शाळेत असं काम निघालं, की भोवती मुलं जमतातच. वारा सुटला असेल, तर फवारणी करू नका. तो बारीक तुषार वाऱ्याबरोबर विहिरीवर, भाजीवर, मुलांच्या श्वासात जातो. नाकातोंडावर रंगकामाचा योग्य मुखवटा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेत.

दुसरं, पिकावर औषध मारायचा पाठीवरचा पंप या कामाला घेऊ नका. त्यात राहिलेला विषाचा अंश शाळेच्या कुंपणावर येईल, आणि तेलकट रंगानं पंपाचे रबरी वायसरही खराब होतील.

तिसरं, मोठ्या दाबाच्या रंगयंत्राच्या नोझलपुढे बोट कधीही धरू नका. तो झोत कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, म्हणून माणूस ती धुऊन कामाला लागतो. पुढं बोट, प्रसंगी हातही जायची पाळी येते. अशा वेळी घरगुती उपाय नको. तडक इस्पितळ गाठावं आणि आत रंग गेला आहे, असं डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

चौथं, जवसाच्या तेलाच्या रंगानं भिजलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता निघते आणि ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवावीत.

राहता राहिली वाळवी. मातीतल्या खांबाला वरवरचा रंग वाचवत नाही. खोलवर औषध मुरवण्याची विद्या आपल्याच देशात पुढे गेली. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत 1933 साली सोंटी कामेशम यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं द्रावण शोधलं. ते दाबाखाली लाकडात भरतात. ते जगभर वापरलं गेलं. पण त्यात आर्सेनिक असल्यामुळे अमेरिकेत 2003 अखेर घरगुती लाकडासाठी त्याचा वापर थांबवण्यात आला. अशा लाकडाचे तुकडे चुलीत कधीही घालू नयेत. साध्या कुंपणाला सोपा उपाय म्हणजे खांब सिमेंटचे किंवा दगडाचे घ्यावेत, आणि फळ्या जमिनीपासून चार बोटं वर ठेवाव्यात.

यंत्र आपले कष्ट वाचवतं. काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागते. फळी वाळली का, वारा पडला का, पोरं दूर आहेत का, एवढं पाहावं आणि मगच यंत्राचा खटका दाबावा.