गोळीचे पहिले पंधरा दिवस



वसंताच्या नावाने चालणारी व्याख्यानमाला आपल्या वर्ध्यात खरे पाहता उन्हाळ्यातच भरते, आणि डोक्यावर पंखा असूनही श्रोते हातातल्या पत्रिकेने वारा घेत बसलेले दिसतात. अशा संध्याकाळी एखादा काव्यशास्त्रविनोदाचा विषय तुम्हांला अधिक रुचला असता. आम्ही निवडला आहे तो गोळ्यांचा. त्यातही नैराश्यावरच्या गोळ्यांचा, आणि त्यातही त्या सुरू केल्यानंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांचा. विषय इतका अरुंद का, असे कोणी विचारील. नैराश्य म्हणजे काय आणि ते कास्तकाराला का गाठते, यावर विदर्भात पुष्कळ बोलणे झाले आहे. २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्या सहा जिल्ह्यांत वर्धा होता. २०१५ पासून शासनाचा प्रेरणा प्रकल्प आला, त्यातही वर्धा होता. परंतु ज्या माणसाने अखेर धीर करून दवाखाना गाठला, चिठ्ठी लिहून घेतली, गोळी घरी आणली, त्याचे तिसऱ्या दिवशी काय होते याविषयी सभेत कोणी बोलत नाही. आणि अनेकांचे औषध नेमके तेथेच सुटते.

समुद्रपूरकडचा एखादा कास्तकार कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. चार महिने पहाटे तीनला जाग येते, जेवणाला चव नाही, धुऱ्यावर जाऊन उभा राहतो पण पऱ्हाटीत पाय टाकवत नाही. बायको आणि मेहुणा मिळून त्याला एस.टी.ने दवाखान्यात आणतात. डॉक्टर एक गोळी देतात. पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी मळमळ सुरू होते, पोट बिघडते. तिसऱ्या रात्री उरलीसुरली झोपही जाते, छातीत धडधडते, हाताला बारीक कंप सुटतो. तो म्हणतो, “गोळी खाल्ली अन् बिमारी वाढली.” चौथ्या दिवशी गोळ्यांची पट्टी कोनाड्यात जाते.

या वागण्याला अडाणीपणा म्हणणारे लोक आम्हांला भेटतात. आम्हांला ते तसे वाटत नाही. औषध घेतले, प्रकृती बिघडली, औषध सोडले. यात तर्काची चूक कोठे आहे? त्याला एकच गोष्ट कोणी सांगितली नव्हती: या औषधात त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो. मृगात पेरणीचा खर्च करून दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी पाहणाऱ्या माणसाला ही गोष्ट समजायला कठीण नाही. ती सांगायला दोन मिनिटे लागतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ती दोन मिनिटे मिळत नाहीत, म्हणून आज आम्ही ती येथे घेत आहोत.

आता हा क्रम असा उलटा का? सध्या सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्लुओक्झेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम या, सेरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करतात. हे द्रव्य मेंदूचेच असा समज आहे. पण शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. १९३० च्या दशकात इटलीच्या एर्स्पामेरला ते प्रथम सापडले तेही पचनमार्गाच्या अस्तरातच. तेव्हा गोळी पोटात गेली की तिची पहिली खबर आतड्याला लागते, आणि मळमळ, ढाळ, पोटात गुडगुड हे सारे दोन-तीन दिवसांतच दिसते. मेंदूतही द्रव्याची पातळी लवकर बदलते. मात्र त्या बदलाशी मेंदूच्या पेशींनी जुळवून घेणे हे आठवड्यांचे काम आहे. (सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य येते, इतके सोपे समीकरण मांडणारी माणसे आहेत. विज्ञान आता ते तसे मानत नाही. गोळीचा उपयोग होतो हे चाचण्यांत दिसले आहे. तो कसा होतो याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे.) बहुतेकांना फरक दुसऱ्या आठवड्यानंतर जाणवू लागतो, आणि पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे जातात. उलट पोटाचा त्रास साधारण आठवडा-दोन आठवड्यांत ओसरतो.

या औषधांचा शोधच मुळी एका आनुषंगिक परिणामातून लागला, हे आपण विसरतो. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड हे औषध दिले जात होते. फुप्फुसे बरी होण्याआधीच रोगी उल्हसित झाले. त्यांच्या नाचण्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडच्या रोलांड कून यांनी इमिप्रमीनचा गुण जाहीर केला. आपल्या दवाखान्यांत आजही दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन ही त्याच जुन्या कुळातली. तिने तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते, दिवसा गुंगी राहते. तिच्याबद्दल आपल्या जिल्ह्यापुरती एक विशेष सूचना: ही गोळी घाम कमी करते. ज्या गावात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, तेथे घाम न येणे ही चैन नव्हे. वैशाखात ती घेणाऱ्याने भर दुपारी वावरात राबू नये.

मळमळीवर उपाय साधे आहेत. गोळी उपाशीपोटी घेऊ नये; भाकरीचे चार घास, नाहीतर वरणभात पोटात गेल्यावर घ्यावी. थोडेथोडे, अधिक वेळा खावे. झोप उडत असेल तर गोळी सकाळच्या जेवणानंतर घ्यावी, गुंगी येत असेल तर रात्री. हा बदल डॉक्टरांना विचारून करावा. एक गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. पहिले काही दिवस कशी गुंगी येते हे पाहिल्याशिवाय मोटारसायकल किंवा मळणीयंत्र यांच्या वाटेला जाऊ नये. घाबरट प्रकृतीच्या माणसाला सुरुवातीला अर्धीच मात्रा देऊन आठवड्याने वाढवतात, हेही माहीत असावे. आपल्याला तसे देता येईल का, एवढे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला? आणि दारू. आपला जिल्हा दारूबंदीचा आहे, तेव्हा हा मुद्दा उद्भवूच नये. पण मोहाची कोठे मिळते हे सभागृहातल्या पुष्कळांना ठाऊक असावे असा आमचा अंदाज आहे. त्या घोटाने गुंगी वाढते आणि खिन्नताही वाढते.

कामेच्छा मंदावणे, स्खलनास उशीर लागणे हा परिणाम चारचौघांत बोलायचा नाही असे मानून गिळला जातो. तो अनेकांना होतो, स्त्रियांनाही होतो, आणि पोटाच्या त्रासासारखा तो पंधरा दिवसांत जाईलच असे नाही. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून त्यावर बहुधा मार्ग काढता येतो. तो डॉक्टरांना न सांगता गोळी सोडणारी माणसे पुष्कळ, आणि घरच्यांनाही खरे कारण कळत नाही.

आता जपण्याच्या गोष्टी. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन या गोळीबरोबर वारंवार घेतली तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक आणि हट्टी क्षयावर दिले जाणारे लिनेझोलिड यांच्याशी हिचे वैर आहे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी खिशात ठेवावी. साठी ओलांडलेल्या माणसाच्या, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर, रक्तातले सोडियम उतरू शकते. आजोबा अचानक भ्रमिष्टासारखे बोलू लागले, तोल जाऊ लागला, तर “वयच झाले” म्हणून न सोडता त्याच दिवशी रक्त तपासावे.

सर्वांत गंभीर गोष्ट आम्ही मुद्दाम सावकाश सांगणार आहोत. सुरुवातीच्या आठवड्यांत काही थोड्या रोग्यांना, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांना, विलक्षण अस्वस्थता येते. बसवत नाही, उठवत नाही, आणि जीव देण्याचे विचार वाढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांच्या बाबतीत असा इशारा दिला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. त्याचा अर्थ तरुणांना औषध देऊ नये असा नव्हे. पहिले काही आठवडे त्यांना एकटे सोडू नये असा आहे. कॉलेजात शिकणारा मुलगा हिंगणघाटला खोली घेऊन राहत असेल तर या काळापुरते त्याला घरी आणावे. “तुझ्या मनात तसले काही येते का?” असे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि घरात फवारणीची औषधे असतील तर ती दुसरीकडे, कुलपात हलवावीत. श्रीलंकेने १९९५ पासून अतिजहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, आणि त्या देशातल्या आत्महत्या पुढील काळात निम्म्याहून कमी झाल्या. आपल्या घरापुरती बंदी आणायला सरकारची वाट पाहावी लागत नाही.

याउलट एखादा माणूस आठवडाभरात एकाएकी अति उत्साही झाला, झोपेवाचून ताजातवाना, बैलजोडी विकून ट्रॅक्टर घ्यायला निघाला, तर घरच्यांनी पेढे वाटू नयेत. नैराश्याच्या आड दडलेला उन्माद गोळीने वर आलेला असू शकतो. ताबडतोब डॉक्टरांना कळवावे.

ज्या गावाशेजारी सेवाग्राम आहे, तेथे एक आक्षेप नेहमी येतो: मन आवरायला गोळी लागावी, हा दुबळेपणा नव्हे काय? आम्ही इतकेच आठवण करून देतो, की १९०९ साली ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टरांवर कडक टीका करणाऱ्या महात्माजींनी जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून इस्पितळात कर्नल मॅडॉक यांच्याकडून अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली. नैराश्य सौम्य असेल तर गोळीची गरज बहुधा पडत नाही. जवळ बसून ऐकणारे माणूस, नियमित काम, समुपदेशन यांनी भागते. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. तेथे गावातल्याच साध्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी हे काम केले, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे चार टक्क्यांवरून सत्तावीस टक्क्यांवर गेल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. परंतु जेव्हा माणूस खाटेवरून उठत नाही, तेव्हा उपदेशाने तो उठत नाही. तेथे गोळी लागते.

घरच्यांना एक काम सांगतो. वहीच्या एका पानावर तारीख घालून रोज तीन गोष्टी लिहाव्यात: झोप किती तास, जेवण किती, आणि त्रास कोणता. रोग्याला स्वतःला आपण सुधारतो आहोत हे सर्वांत शेवटी कळते. “बाबा आज स्वतःहून नातवाला हाक मारून बोलले”, अशी नोंद बायको किंवा सून दहाव्या दिवशी करते, आणि तिकडे बाबा अजून “काही फरक नाही” म्हणत असतात. पुढच्या भेटीत ते पान डॉक्टरांपुढे ठेवावे.

राहिली गोळी सोडण्याची गोष्ट. बरे वाटले की दुसऱ्या महिन्यात ती बंद करण्याचा मोह होतो. बरे वाटल्यावरही सहा ते नऊ महिने ती चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटण्याचा संभव फार. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, मात्रा चढवत न्यावीशी वाटत नाही. तरी एकदम थांबवल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. म्हणून आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशेबाने ती उतरवतात. गाव लांब असेल, एस.टी. चुकली असेल, डॉक्टर भेटत नसतील, तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस या शासकीय सेवेचा क्रमांक १४४१६ रात्रीदेखील लागतो, पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

कोणाला काही विचारायचे असल्यास चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवावे. चिठ्ठीवर नाव घालण्याची गरज नाही.