सरकारी कर-वकील आणि त्याची पुढील वाट

27 ऑगस्ट 1981 रोजीं मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, सुरू झालें. तत्पूर्वीं मराठवाड्यांतील करदात्यास उच्च न्यायालयाची पायरी चढावयाची तर मुंबई गांठावी लागे. आज बारा जिल्ह्यांचीं प्रकरणें या खंडपीठाकडे येतात, आणि त्यामुळें येथील तरुण वकिलांपुढें सरकारी कर-वकिलीची वाटही खुली झाली आहे.

हा वकील सरकारचा पगारी नोकर असतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. प्राप्तिकर खातें उच्च न्यायालयांतील कामासाठीं वरिष्ठ व कनिष्ठ स्थायी वकील ठराविक मुदतीकरितां नेमतें. त्यांस मेहनताना प्रकरणागणिक मिळतो. खाजगी काम करण्यास त्यांस मोकळीक असते; मात्र खात्याविरुद्ध उभें राहतां येत नाहीं. सप्टेंबर 2024 मध्यें खात्यानें असें ठरविलें कीं, कांहीं अपवाद सोडून, वादांतील कर दोन कोटि रुपयांहून अधिक असेल तरच उच्च न्यायालयांत अपील करावें. लहान वाद मिटले, हें करदात्याच्या हिताचेंच झालें. परंतु केवळ या कामावर संसार चालविण्याचा बेत करणारानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

कामाचें स्वरूपही जोखमीचें आहे. उच्च न्यायालयांत जमाखर्चाच्या वह्या नव्यानें तपासल्या जात नाहींत. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो. शिवाय कायद्याच्या आधारावांचून कर घेतां येत नाहीं, असें संविधानाचें 265 वें कलम सांगतें. करदात्याच्या अज्ञानाचा अधिकाऱ्यांनीं फायदा घेऊं नये, अशी खात्याचीच 1955 सालची सूचना आहे. तेव्हां आपल्या बाजूस प्रतिकूल असा निवाडा न्यायालयापासून लपवून जिंकलेला दावा हा सरकारचा विजय नव्हे. सरकारी वकिलाची खरी कसोटी येथेंच लागते.

मुदत संपल्यावर काय? पहिली वाट करदात्यांच्या वकिलीची. खात्याची विचारसरणी आंतून पाहिलेला सल्लागार व्यापाऱ्यांस हवाच असतो. परंतु ज्या प्रकरणांत सरकारची बाजू घेतली, त्यांतच उलट बाजूनें उभें राहण्यास वकील-परिषदेच्या नियमांची मनाई आहे. आणि अशिलाचें गुपित नेमणुकीबरोबर संपत नाहीं. दुसरी वाट अपील न्यायाधिकरणाच्या न्यायिक सदस्यत्वाची. तिसरी उच्च न्यायालयाच्या न्यायासनाची. तीस किमान दहा वर्षांची उच्च न्यायालयांतील वकिली लागते. मात्र कायम न्यायाधीश झालेल्यास पुढें त्या न्यायालयांत वकिली करतां येत नाहीं, हें 220 वें कलम बजावतें. चौथी वाट अध्यापनाची व ग्रंथलेखनाची. राष्ट्रीय विधि विद्यापीठ या नगरांत 2017 पासून चालू आहे. आणि मुंबईचे ॲडव्होकेट-जनरल राहिलेले सर जमशेटजी कांगा यांनीं नानी पालखीवाला यांच्यासमवेत लिहिलेला प्राप्तिकरावरील ग्रंथ 1950 पासून वकिलांच्या हातांत आहे.

या चारही वाटांवर शिदोरी एकच लागते, ती म्हणजे सचोटीची. सरकारी वकिलीच्या काळांत ज्याचा शब्द न्यायाधीशांनीं निःशंक मानला आणि ज्याच्याविषयीं हरलेल्या करदात्यानेंही कपटाची तक्रार केली नाहीं, त्याच्याकडे तोच करदाता पुढें अशील म्हणून येण्यास कचरणार नाहीं.