वस्त्राला विचारायचे दोन प्रश्न



आपल्या तुडीलच्या दमट हवेत फरचा कोट कोणी घालीत नाही. मग हा विषय आपला कसा, अशी शंका कोणी घेईल. परंतु वस्त्रासाठी जीव घ्यावा काय, हा प्रश्न थंड देशांपुरता नाही.

फरसाठी पाळलेला मिंक हा मुंगसाच्या बांध्याचा प्राणी. मूळचा पाण्याकाठी हिंडणारा. पण त्याचा जन्म जातो तारेच्या पिंजऱ्यात. हिवाळ्याच्या तोंडी केस दाट झाले म्हणजे त्याला बहुधा गॅसने मारतात. हेतू एवढाच की कातड्याला डाग लागू नये. 2020 साली मिंकांत करोना पसरला तेव्हा डेन्मार्कने देशातले सगळे मिंक मारण्याचा हुकूम काढला. ती संख्या दीड कोटीहून अधिक होती! भारताने 2017 साली मिंक, कोल्हा व चिंचिला यांच्या फरची आयात बंद केली, हे योग्यच झाले.

कोणी म्हणेल, थंडीत ऊब नको काय? हवी. पण धनगराच्या घोंगडीकडे पाहा. मेंढी कातरली जाते आणि पुन्हा चरायला जाते. याउलट शहातूशची शाल. तीही लोकरीचीच आणि स्पर्शाला फार मऊ. परंतु तिबेटच्या पठारावरचा चिरू हा रानटी प्राणी मारल्यावाचून ती लोकर हाती येत नाही. एका शालीस तीन ते पाच चिरू लागतात. ऊब दोहींत आहे. शहातूशमध्ये जीव जातो तो प्रतिष्ठेसाठी. म्हणून पहिला प्रश्न असा : या वस्त्रासाठी प्राण्याचे काय झाले?

एवढ्याने भागते काय? गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्याजवळ नालवाडीला चर्मालय चालले. मारलेल्या नव्हे, आपोआप मेलेल्या जनावराचेच कातडे वापरावे, हा त्यामागचा विचार. प्राण्याच्या बाजूने तो निर्दोष आहे. पण मेलेले जनावर ओढायचे कोणी? याचे उत्तर आपल्या महाडने आधीच मागितले होते. मार्च 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि 20 तारखेला चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत मृतमांस सोडण्याचा उपदेश झाला आणि स्पृश्यांनी आपली मेलेली जनावरे आपणच पुरावीत, अशी मागणीही झाली. ज्या कामाची घाण एकाच जातीच्या माथी जन्माने मारली जाते, त्यातून निघालेल्या चपलेला केवळ गाय मारली नाही म्हणून अहिंसक म्हणता येणार नाही. म्हणून दुसरा प्रश्न : या वस्त्रासाठी माणसाचे काय झाले?

प्राण्यांवरील दयेचा पुरस्कार करणारे कित्येकदा दुसरा प्रश्न विसरतात, आणि माणसाच्या हक्कासाठी झगडणारे पहिल्याला चैन समजतात. माझ्या मते हे दोन प्रश्न एकमेकांचे वैरी नाहीत. मुक्या प्राण्याला गाऱ्हाणे मांडता येत नाही, आणि ज्याला मांडता येते त्याचे शतकानुशतके कोणी ऐकले नाही. दोघांवरचा अन्याय टिकला तो घेणाऱ्याने कधी विचारले नाही म्हणूनच. दुकानात किंमत तर आपण विचारतोच. त्याबरोबर हे दोन प्रश्नही विचारू लागू या.