घरोघरची पाहणी आणि लोकांचे आरोग्य



पॅट्रिक गेडिस यांचे नाव इंदूरच्या श्रोत्यांना नवे नाही. होळकर दरबारासाठी त्यांनी सिद्ध केलेला नगररचनेचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. आधी निदान, मग उपचार, असा त्यांचा आग्रह. प्लेगने गांजलेल्या या शहराच्या गल्लीबोळांतून ते पायी हिंडले आणि सरसकट पाडापाडीऐवजी बेताची दुरुस्ती सुचविती झाले. दिवाळीच्या मिरवणुकीत त्यांनी प्लेगच्या उंदराची प्रतिमाही मिरविली, हे वाचताना आजही मौज वाटते.

परंतु गल्ली पाहणे वेगळे आणि उंबऱ्याच्या आत काय चालले आहे ते जाणणे वेगळे. हे अंतर केवढे आहे, ते गडचिरोलीने दाखविले. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, तशी तपासणी पूर्वी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जी बाई दवाखान्याची पायरीच चढत नाही, तिचे दुखणे तिथल्या वहीत उतरणार कसे?

अर्भकांचेही तेच. ‘सर्च’ संस्थेने घरोघर जन्ममृत्यू मोजले आणि ३९ गावांत गावच्याच बायकांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकविली. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. पुढे २०११ साली आशा कार्यकर्तीने बाळाच्या घरी जाऊन त्याला तपासणे हे देशाचे धोरण झाले.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पहिली फेरी १९९२-९३ची. २०१५-१६च्या फेरीपासून देशातील सर्व जिल्ह्यांचे आकडे मिळू लागले. त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र जिल्ह्याच्या सरासरीत एखादी वस्ती सहज हरवते. नळ कोणत्या गल्लीत आधी न्यावा, हे ती सरासरी नगरपालिकेला सांगत नाही. त्यासाठी स्थानिक पाहणीच हवी आणि तीही नीट. दुपारी गेल्यास मजुराच्या दाराला कुलूप असते. फिरून न गेल्यास नेमके तेच घर यादीतून गळते. सासूच्या देखत सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तर बहुधा सासूचेच असते!

आणि उत्तरे घेऊन गेलेली माणसे पुन्हा फिरकतच नाहीत, ही लोकांची तक्रार मला रास्त वाटते. आपल्या प्रभागात अशी पाहणी होईल तेव्हा तिचा अहवाल सोप्या मराठीत आणि हिंदीत छापून या वाचनालयाच्या मेजावर ठेवावा, अशी मागणी सभासदांनी अवश्य करावी.